गोगटेकाका आणि दोन बांध

गोगटेकाका दर रविवारी ओहायोतून साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावायचे. चुलतभावाची खुशाली विचारायला? छे! "कॅमेरा खाली धर. अजून खाली. बांध दाखव!" भावाने शेताचा बांध कोरला का, ते तपासायचं असायचं. हातभर जमिनीसाठी कोर्टात तारखा पडत होत्या. "बांध म्हणजे बापाचा शब्द," हे ते गणपतीच्या पंगतीतही ऐकवायचे आणि लोक माना डोलवायचे.

मग आमच्या मराठी मंडळाने हॉलसाठी गावाबाहेर जागा घेतली. तिच्यातून मातीचा कमरेएवढा बांध सरळ रेषेत जात होता, पार झाडीपर्यंत. इथल्या मूळ रहिवाशांनी दोनेक हजार वर्षांपूर्वी टोपल्यांनी माती वाहून घातलेला. युनिव्हर्सिटीतल्या एक बाई पाहून म्हणाल्या, दोन वस्त्यांमधली हद्द असावी बहुधा. आणि आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे गोगटेकाकांनी, नेमकं तिथेच पार्किंग आखलं. खाजगी जमीन, कायदा आड येत नाही, हे वकिलाला आधीच विचारून ठेवलेलं.

मी पत्रकं छापून सभेच्या दारात वाटली. काकांनी एक घेतलं आणि त्यावर भजी ठेवली.

"अगं, ढिगारा आहे तो. ना शिलालेख, ना मूर्ती."

"तुमच्या साताऱ्याच्या बांधावर शिलालेख आहे, काका?"

"तो आमचा आहे!"

झालं. संपला इतिहास! माणूस अडाणी असता तर सोडून दिलं असतं. पण बांध म्हणजे काय, हे त्या खोलीत सगळ्यांत जास्त यालाच कळत होतं. कळूनही नांगर फिरवणाऱ्याला आपल्याकडे कोडगा म्हणतात. मंडळात अध्यक्ष म्हणतात.

मतदानात बांधाच्या बाजूने चारच हात वर झाले. "डेमोक्रसी आहे, यार," काका हसले. "चला, जेवून घ्या."

शनिवारी बुलडोझर आला. काकांनी त्याला हार घातला, जमिनीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. भूमिपूजन! कुंकू लागलेली माती पहिल्याच खेपेत ट्रकमध्ये गेली. दुपारी सगळं सपाट. मी फलक धरून रस्त्यावर उभी होते. काका खोबरं वाटत आमच्या गाडीपाशी आले.

"रागावतेस काय? तुझ्या आईच्या गुडघ्यांसाठीच केलं. आता थेट दारात गाडी लाव."

गाडीत बसलेल्या आईने काच खाली केली, खोबरं घेतलं. "बरं झालं, भाऊजी," म्हणाली आणि त्यातला अर्धा तुकडा मोडून माझ्यापुढे धरला.