आईताई

ताईचा जीव कधी एका जागी ठरायचा नाही. घराला कुलूप लावून जिना उतरली की अर्ध्यावरून पुन्हा वर, गॅस बंद केलाय ना ते बघायला. गॅस बंद असायचाच. मग रस्त्याला लागली की कुलूप ओढून पाहिलं होतं का, याची टोचणी सुरू. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामाला होता. तो हसून म्हणायचा, "वरखाली करायचा पगार मला मिळतो, पण फेऱ्या तुझ्याच जास्त."

बालवर्गाचं दार उघडून आत गेली की मात्र हीच बाई निराळी व्हायची. वर्ग म्हणजे नुसता पसारा. एका कोपऱ्यात पाण्याचं घमेलं, त्यात नरसाळी, वाडगे, निमुळत्या बाटल्या. भिंतीशी ओल्या मातीचा ढीग, आणि कोपरापर्यंत माखलेली चार-पाच वर्षांची पोरं. बुटक्या वाडग्यातलं पाणी उंच बाटलीत ओतलं की वाढल्यासारखं का दिसतं, हे कुणी विचारायला आलं तर ताई उत्तर द्यायची नाही. "तुला काय वाटतं?" एवढंच म्हणायची. पोर डोकं खाजवत परत घमेल्याकडे जायचं आणि पुन्हा ओतायला लागायचं. मणी ओवता ओवता मुलं मोजायला शिकायची, ठोकळ्यांचा पूल कोसळला की पाया रुंद हवा हे आपलं आपणच शोधून काढायची.

खिडकीखाली सुतारकामाचं बुटकं टेबल होतं. त्यावर हातोड्या होत्या, दांडा आखूड, पण डोकं खऱ्या लोखंडाचं. मऊ लाकडाचे तुकडे, खिळे, डोळ्यांवर लावायचे जाड चष्मे. खिळा नुसत्या बोटांनी धरायचा नाही, पुठ्ठ्याच्या पट्टीत खोचून उभा करायचा, म्हणजे बोटं लांब राहतात. ही युक्ती ताईनेच काढलेली. कुणाच्या बोटाला लागलंच तर ती शांतपणे गार पाण्याखाली धरायची आणि विचारायची, "कुठे चुकलं? बघ बरं." वर्गात तिच्या जोडीला काकू होत्या. मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागल्यावर शिक्षिका झालेल्या, अंगाने भरलेल्या, कसली म्हणून घाई नसलेल्या. त्या म्हणायच्या, "ताई, तुमचं काळीज दगडाचं आहे हो. मला नाही बघवत."

ताईला मनातून हसू यायचं आणि थोडी लाजही वाटायची. कारण स्वतःच्या मुलीला तिने दुसऱ्याच शाळेत घातलं होतं.

ती मुलगी म्हणजे ठिपकी. दिवस पुरे व्हायच्या आत जन्मलेली, एवढीशी, म्हणून बापाने ठिपकी म्हटलं ते तसंच राहिलं. पहिले कित्येक दिवस ती दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. पेटीला एक गोल भोक होतं, त्यातून हात घालून आईने फक्त एक बोट तिच्या तळव्यावर टेकवायचं. तेसुद्धा नर्स म्हणेल तेव्हा. तेव्हापासून ताईच्या जिवाला जो घोर लागला तो लागलाच. ठिपकी बाळसं धरून खणखणीत झाली, जिन्यावरून धावायला लागली, तरी आईचा हात तिच्या मागे पसरलेलाच. म्हणूनच तिने घराजवळची ती स्वच्छ, शांत शाळा निवडली. तिथे मुलं बाकावर बसायची, हाताची घडी घालायची, ठिपक्यांवरून अक्षरं गिरवायची. तिथे कुणाच्या बोटाला काही लागण्याचा प्रश्नच नव्हता. कुणी विचारलं तर ताई म्हणायची, "जवळ पडते ना, म्हणून."

सगळं उघडं पडलं ते पालकसभेत. एका मुलाची आई वकील होती, साक्षीदाराला घेरायची सवय असलेली. तिच्या मुलाच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. आवाज न चढवता तिने विचारलं, "ताई, तुमच्या स्वतःच्या मुलीच्या हातात द्याल का ही हातोडी?"

"हो, का नाही देणार?" ताई पटकन बोलून गेली. बोलता बोलता तिचे कान तापले.

"कुठल्या शाळेत जाते ती?"

ताईने शाळेचं नाव सांगितलं. खोलीतल्या दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं, तेवढं पुरे होतं. कोपऱ्यात बसलेल्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या सभा संपल्यावर जवळ आल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "घेऊन या की तिला इकडे. जागा आहे वर्गात."

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो खूशच झाला. "मी काय वेगळं सांगत होतो?" म्हणाला. ताई रात्रभर कूस बदलत राहिली.

ठिपकी आली ती नवीन दप्तर छातीशी धरून. वर्गात आईला ताई म्हणायचं, हे तिला घरी बजावून सांगितलं होतं. तिने प्रयत्न केला, पण तोंडात आधी आईच यायचं, मग ती सावरायची. "आई... ताई, मी कुठे बसू?" दुसऱ्याच दिवशी सगळा वर्ग ताईला आईताई म्हणायला लागला. काकूंना हसू आवरेना.

हसण्यासारखं तेवढंच होतं. ठिपकी कशालाच हात लावत नव्हती. मुलं घमेल्याभोवती गलका करायची आणि ही भिंतीशी हाताची घडी घालून बसायची, कुणीतरी आता काय करायचं ते सांगेल म्हणून वाट बघत. काकूंनी मातीचा गोळा पुढे केला तर म्हणाली, "हात लावू? मळतील ना." मण्यांचा डबा उघडा असायचा, तरी विचारायची, "घेऊ का? किती घेऊ?"

ताईला ते बघवेना. दुसऱ्या कुणाचं मूल असं आलं असतं तर आठवडाभरात त्याला मातीत लोळवलं असतं तिने. पण ही समोर बसली की तिला काही सुचायचंच नाही. एका मुलाशी बोलता बोलता नजर तिकडे, दुसऱ्याची नाडी बांधता बांधता कान तिकडे. मुलं काही विचारायला आली तर ती चक्क उत्तरं देऊन टाकायला लागली, लवकर मोकळं व्हावं म्हणून. एकदा ठिपकी आपणहून पाण्याशी गेली, बाटली भरताना बाही ओली झाली. ताई वर्ग ओलांडून धावली आणि तिचा फ्रॉक बदलून आली. बाजूला भोंगा उभा होता. वर्गातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा मुलगा, म्हणून त्याचं ते नाव. तो डोक्यापासून पायापर्यंत निथळत होता. "ताई, मी पण भिजलोय!" तो ओरडला. ताईने ऐकलंच नाही.

ठिपकी मात्र हळूहळू सैल होत होती, आईच्या नकळत. पाण्यानंतर ती मातीकडे गेली, मातीवरून ठोकळ्यांकडे. आणि एके दिवशी सुतारटेबलापाशी रांगेत जाऊन उभी राहिली. चष्मा तिला मोठा होत होता, नाकावरून घसरत होता. तो एका हाताने सावरत ती दुसऱ्या हाताने पुढच्याला ढकलत होती. ढकलत होती! ताईने ते पाहिलं आणि हातातलं काम तिथेच टाकलं.

ठिपकीचा नंबर लागला तशी ताई टेबलाशी पोचली. "आज नको हं," ती म्हणाली. "ही हातोडी बिघडलीय."

"कुठे बिघडलीय?" भोंगा म्हणाला. "आत्ता तर मी ठोकला. हा बघा खिळा!"

सगळी मुलं ताईकडे बघायला लागली. ठिपकीने निमूटपणे चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि भिंतीशी जाऊन हाताची घडी घालून बसली.

ठिपकीवरून काकू ताईला आजवर कधी काही बोलल्या नव्हत्या. त्या जवळ आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "ताई, ऑफिसातून चिकटपट्टी आणता का जरा?"

"चिकटपट्टी आहे ना कपाटात."

"माहीत आहे मला. तरी आणा."

ताईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा ठिपकीकडे, आणि ती बाहेर पडली. ऑफिसपर्यंत गेलीच नाही. व्हरांड्यात चपलांच्या मांडणीपाशी थांबली. मांडणीतल्या वेड्यावाकड्या चपला सरळ करायला लागली, सगळ्या झाल्या तर पुन्हा पहिल्यापासून. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काकूंचा, "पट्टी अशी धर. हां." मग टक्. हलकाच, घाबरत घाबरत. मग पुन्हा टक्. ताईचा सगळा प्राण कानात गोळा झाला. आपल्या मुलीचा हात ती आवाजावरून ओळखत होती. टक्, टक्, जरा जोरात. मग धप्प असा निराळाच आवाज, आणि पुढे काहीच नाही.

रडणं नाही की हाक नाही. ताईला ते सहन झालं नाही. हातातली चप्पल तशीच घेऊन ती आत घुसली.

ठिपकी टेबलाशी उभी होती, अंगठा तोंडात, डोळे गच्च भरलेले. काकू शेजारी गार पाण्याचा वाडगा घेऊन बसल्या होत्या, अगदी स्वस्थ. ठिपकीने मान वर केली. आईचा चेहरा दिसला, आणि तिने जे भोकाड पसरलं ते पसरलं. पलीकडच्या वर्गातल्या बाईसुद्धा डोकावून गेल्या.

"तुम्ही येईपर्यंत रडली नव्हती हो," काकू म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात. जे झालं ते सांगत होत्या.

ताई जिथल्या तिथे खाली बसली. लेकीला छातीशी ओढून घ्यायला तिचे हात शिवशिवत होते. एका हातात चप्पल होती म्हणूनच तेवढं राहिलं. तिने ती खाली ठेवली. अंगठा बघितला. लाल झाला होता, फुटला नव्हता. मग इतक्या वर्षांत इतक्या मुलांना जे सहज विचारलं होतं ते विचारायला तिला घसा खाकरावा लागला.

"कुठे चुकलं? बघ बरं."

ठिपकीचं रडणं हुंदक्यांवर आलं. तिने नाक पुसलं, टेबलाकडे पाहिलं. "मी पट्टी सोडून दिली," ती म्हणाली. "बोटानेच धरला."

"मग आता?"

"आता पट्टीने धरते." तिने हातोडी उचलली, पुन्हा आईकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पण तू बाहेर जा ना. तू अशी बघतेस."

"कशी बघते?"

ठिपकीने डोळे मोठे केले, तोंड उघडलं, श्वास धरला. हुबेहूब. भोंगा खिदळला, मग सगळी पोरं. काकूंनी पदर तोंडाला लावला. ताई उठली आणि मुकाट्याने बाहेर गेली. व्हरांड्यात तिला हसू आलं आणि रडूही आलं, त्यातलं आधी काय आलं ते तिलाही कळलं नाही. आत टक् टक् सुरू झालं ते बराच वेळ चाललं.

त्या दिवशी ठिपकीच्या लाकडात दोन वाकडे खिळे होते आणि एक जरा बरा. संध्याकाळी बापाने ते लाकूड उलटंपालटं करून पाहिलं आणि वाकडा खिळा कसा उपटायचा त्याची चर्चा दोघांत जेवण निवेपर्यंत चालली. ताईला कुणी विचारलं नाही. ती पाणी आणायच्या निमित्ताने उगाच तीनदा उठली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून मोठ्या बाईंकडे गेली. "सुतारकामाच्या तासाला मी छोट्या गटात जाते," म्हणाली. "माझ्याच्याने तिथे उभं राहवत नाही. ती आहे तोवर तरी."

मोठ्या बाईंनी हरकत घेतली नाही. तो तास ताई तीन वर्षांच्या मुलांना रंग कालवू द्यायची, आणि भिंतीपलीकडचा प्रत्येक ठोका ऐकत बसायची. वकीलबाई एकदा मुलाला न्यायला आली तेव्हा तिने खिडकीतून ठिपकीला ठोकताना पाहिलं. ताईला म्हणाली, "शेवटी दिलीत तर!" ताई म्हणाली, "मी नाही दिली. तिनेच घेतली." आणि मग न राहवून तिने विचारलं, "तुमच्या मुलाचं नख बरं झालं का हो?" दोघी बराच वेळ फाटकाशी बोलत उभ्या राहिल्या, नखांबद्दल, तापाबद्दल, झोप न लागण्याबद्दल.

ताईचा स्वभाव काही बदलला नाही. पुढे ठिपकी मोठ्या शाळेत गेली. एका सुट्टीच्या सकाळी तिने सायकल घरात आणली आणि बापाला म्हणाली, "मागची छोटी चाकं काढायची आहेत. पाना दे. मी काढते." बापाने पाना दिला, आणि दोघांनी एकदमच स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

ताई दारातच उभी होती. तिच्या मनात पडणं, ढोपरं, रस्ता, ट्रक, सगळं एका दमात धावून गेलं.

"मी जरा कपडे काढून आणते," ती म्हणाली आणि गॅलरीत गेली. कपडे तासाभरापूर्वीच वाळत घातले होते. ती एकेक ओला कपडा काढून खांद्यावर टाकत राहिली. आत पाना घसरल्याचा आवाज आला, ठिपकीचं करवादणं आलं, मग बापाचं हसणं. पाण्याने ताईची पाठ भिजली. सगळी दोरी रिकामी झाली, तशी ती पहिल्या टोकाला गेली आणि तेच कपडे पुन्हा वाळत घालायला लागली.