जमादार काकांची सरळ चाल

जमादार काका लंगडत असत, पण फक्त घरात. फाटकाची कडी काढून बाहेर पाऊल टाकलं की त्यांची चाल बदलायची. पाठ ताठ, मान वर, दोन्ही पाय सारखे. कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत ते असे जात की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस अजून ड्यूटीवरच निघालाय. परत येऊन फाटक लावलं की भिंतीला हात टेकून तिथंच उभे राहत आणि मग ओसरीपर्यंत एकेक पाय ओढत जात. भिलाईजवळच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीला लागून असलेल्या वस्तीत आमची घरं शेजारी-शेजारी, मधली भिंत कमरेइतकी. त्यामुळे हे दोन्ही जमादार काका मला रोज दिसायचे.

जमादार हे काही त्यांचं आडनाव नव्हे. यार्डात ते शंटिंग जमादार होते. मालगाडीचे डबे तोडायचे, जोडायचे, चालत्या वॅगनच्या पायरीवर उभं राहून झेंडी दाखवायची आणि ती थांबायच्या आधीच खडीवर उडी टाकायची, हे त्यांचं काम. माझे वडील त्याच यार्डात गार्ड होते. ते काकांना नावानं हाक मारत; म्हणत, नामदेवसारखी उडी साऱ्या यार्डात कोणाची नाही. आम्हा मुलांनाही काका उडी शिकवत, पण ओट्यावरून. "पायाले खडीचं भेव वाटलं नाही पायजे," असं सांगत. खडी मात्र त्यांच्या गुडघ्यांत आयुष्यभर थोडी थोडी शिरत होती आणि हे त्यांनी कोणालाच कळू दिलं नाही.

न कळू देण्याला कारण होतं. यार्डातली माणसं साहेबाला भीत नसत, इंजिनाला भीत नसत, भीत असत ती डाक्टरीला. ठरावीक वर्षांनी रेल्वेचे डॉक्टर तपासायचे, आणि एकदा 'अनफिट' शिक्का बसला की माणूस यार्डातून उचलून ऑफिसात नेऊन ठेवायचे, बाबूंना पाणी द्यायला. काकांचा एक जोडीदार असाच पाणी द्यायला लागला, तर पानठेल्यावर त्याला कोणी जमादार म्हणेना. तेव्हापासून डाक्टरीच्या आदल्या दिवशी काका तापवलेल्या विटेनं गुडघे शेकायचे, मेडिकलमधून आणलेली गोळी खायचे आणि डॉक्टरांपुढे उठाबशा काढून दाखवायचे. मला एकदा म्हणाले, "दुखणं सांगतलं की ते कागदावर चढते. अन् कागदावर चढलेलं मंग उतरत नाही, बाबू." असं करत करत ते निवृत्तीपर्यंत फिट राहिले. कागदावर तरी.

निवृत्तीनंतर ही लपवाछपवी संपायला हवी होती. आता कोण त्यांना अनफिट करणार होतं? पण अंगात मुरलेली गोष्ट पेन्शनीत निघत नाही. उलट काकांनी एक नवीनच युक्ती काढली. गुडघ्यावर कोणाला काही औषध ठाऊक आहे का, हे ते काकूंच्या नावानं विचारायला लागले. "आमच्या घरच्यांचे गुडघे लई धरते," असं पानठेल्यावर सांगायचे. मग दुपारी कोणी रुईची पानं घेऊन यायचं, कोणी मोहाच्या बियांचं टोरी तेल, तर कोणी नंदिनी गावाकडच्या एका पाला बांधणाऱ्याचा पत्ता आणि वांगं खाऊ नका ही ताकीद. काकू तुरुतुरु चालणाऱ्या, दिवसभर पायांवर. दारात आलेल्या बायका त्यांच्या पायांकडे कीव करत बघायच्या. काकू भिंतीवरून माझ्या आईला म्हणायच्या, "माहे गुडघे मले एक दिवस दुखले नाहीत. पण साऱ्या वस्तीले माह्याच गुडघ्यायची पडली आहे." तरी त्यांनी नवऱ्याला कधी उघडं पाडलं नाही. टोरी तेल घ्यायच्या आणि संध्याकाळी दार लावून काकांच्या गुडघ्यांना चोळायच्या.

काकांना मूलबाळ नव्हतं. मागे उरलेलं रक्ताचं माणूस एकच, त्यांची मोठी बहीण. काका तिला बाई म्हणत, म्हणून आम्हीही मोठ्या बाई म्हणायचो. आमगावच्या अलीकडे एका खेड्यात त्या राहायच्या, विधवा, ऐंशीला टेकलेल्या. आई लवकर गेली तेव्हा काकांना त्यांनीच वाढवलं होतं. काकांनी कधी देवदर्शन केलं नाही, सिनेमा पाहिला नाही, निवृत्त माणसाला मिळणारा पास घेऊन काशीला गेले नाहीत. पण भाऊबीजेला बाईकडे जायचं चुकवलं नाही. यार्डात असताना दिवाळीची ड्यूटी दुसऱ्याची करायचे, भाऊबीज मागून घ्यायचे. "माह्या बाईनं पाट मांडला अन् मी नाही गेलो, असं होऊन नाही राहिलं आजवर," हे ते दर दिवाळीला सांगायचे. गुडघे कुठल्याही कारणानं बरे व्हायला हवे असतील, तर ते ह्या एका कारणानं.

एका वर्षी मीही त्यांच्याबरोबर गेलो. लोकलनं दुर्ग, तिथून गोंदियाकडची गाडी. बाईंच्या गावचा फलाट बुटका. उतरताना काकांनी दांडा असा धरला की बोटं पांढरी झाली. बाईंनी ओवाळलं, जेवायला वाढलं, सगळं छान झालं. मग पाटावरून उठायची वेळ आली आणि काका उठेनात. म्हणाले, बाई, पान खायची इच्छा झाली, देतेस लावून? बाई आत गेल्या. मला म्हणाले, जा बाबू, गाय पाहून ये, कशी आहे. मी दाराबाहेर जाऊन मागे पाहिलं. काका पाटावरून सरपटत खांबापर्यंत गेले, खांबाला दोन्ही हातांनी मिठी घातली आणि दात आवळून स्वतःला वर ओढलं. बाई पान घेऊन आल्या तेव्हा ते खांबाला टेकून मजेत उभे होते. बाईंनी पान दिलं आणि त्यांच्या धोतराला मागून लागलेली माती झटकली.

गावाहून आल्यावर मी हट्टाला पेटलो आणि त्यांना भिलाईच्या एका मोठ्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. स्कूटरवर मागे बसवून नेताना पढवलं होतं: जे होतं ते सगळं सांगायचं, रात्री झोप लागत नाही हेही सांगायचं. काकांनी लहान मुलासारखी मान डोलावली. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, "बाबा, घिस तो काफी गया है. दर्द कितना रहता है?" काका खुर्चीत ताठ झाले. "कुछ खास नहीं, साहब. कभी-कभी." डॉक्टर म्हणाले, जरा चलकर दिखाइए. काका उठले आणि त्या खोलीत दारापासून खिडकीपर्यंत असे चालले की मला हसावं की रडावं कळेना. त्यांचं कपाळ घामानं डबडबलं होतं, पण पाय सरळ पडत होते. मी मध्ये तोंड घातलं, की घरी असे चालत नाहीत. काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी भर यार्डात चुकीची झेंडी दाखवली होती. डॉक्टर भले होते. म्हणाले, "हम फोटो का नहीं, मरीज का इलाज करते हैं. अभी ऑपरेशन की जल्दी नहीं है." मांडीचे व्यायाम, हातात काठी आणि गरज पडली तरच गोळी, असं सांगून त्यांनी आम्हाला वाटेला लावलं. बाहेर आल्यावर मी जाम भडकलो. काका पायरीवर बसले, गुडघा दोन्ही हातांनी धरून. म्हणाले, "तू रागावू नको. पांढरा कोट दिसला की माहे पाय माहे राहतच नाहीत."

काठी त्यांनी घेतली नाही. व्यायाम आठवडाभर केले. गोळी तेवढी पाळली, आणि तीही 'गरज पडली तर' नव्हे, तर सकाळ-संध्याकाळ. मेडिकलवाला ओळखीचा, न विचारता द्यायचा.

काही वर्षं गेली. घरातलं लंगडणं आता बाहेरही डोकवायला लागलं, पण काका म्हणत, चप्पल घासली आहे. मग एका भाऊबीजेला दुर्गला गाडीत चढताना त्यांचा उजवा गुडघा पायरीवर वाकलाच नाही. खालून मी ढकलतोय, वरून एक चणेवाला ओढतोय, आणि मागची माणसं ओरडतायत, "अरे बुढ़ऊ को पहले चढ़ाओ." ज्या माणसानं चालत्या वॅगनवर जन्म काढला, त्याला उभ्या गाडीत पोत्यासारखं चढवावं लागलं. आत बसल्यावर ते खिडकीकडे तोंड करून राहिले. येताना मात्र आपणहून म्हणाले, "दाखव मले त्या डाक्टरले. ह्या खेपेस सारं सांगतो. पुढच्या सालीबी बाईकडे आलं पायजे."

आणि त्यांनी खरंच सांगितलं. त्याच डॉक्टरांपुढे डोळे मिटून बसले आणि बोलत गेले. संडासला बसता येत नाही. कुशीवर वळता येत नाही. दहा वर्षं झाली, खरं तर पंधरा. ड्यूटीवर असल्यापासून. एवढं तर मलाही ठाऊक नव्हतं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही गुडघे बदलू, चालाल. काकांचा चेहरा असा फुलला की मी तो आधी कधी पाहिला नव्हता. घरी येऊन त्यांनी काकूंना सांगितलं, "नवीन गुडघे लावून राहिले माह्याले. आता तू तेल कोणाले चोळशीन?"

मग तपासण्या झाल्या. हृदय अर्ध्याच ताकदीनं चालत होतं, आणि वर्षानुवर्षं खाल्लेल्या गोळ्यांनी मूत्रपिंडं पार थकवली होती. भूल द्यायला डॉक्टर तयार होईनात. त्यांनी आम्हाला समोर बसवून नीट समजावलं, घाई केली नाही. शेवटी म्हणाले, "बाबा, तीन-चार साल पहले आ जाते तो कर देते."

काका हळूच म्हणाले, "आया था, साहब."

त्या दिवसानंतर काका उघड उघड लंगडायला लागले. फाटकाबाहेर, पानठेल्यावर, सगळ्यांसमोर, हातात काठी घेऊन. लोक विचारायचे, एकाएकी काय झालं हो जमादारांना? मला ती चाल बघवत नसे. इतकी वर्षं मी त्यांच्या ढोंगावर चिडत आलो होतो आणि आता ते ढोंग परत यावं असं वाटायचं.

दिवाळी आली. गाडीत चढणं शक्यच नव्हतं, म्हणून मी मित्राची मोटार आणली. काका म्हणाले, "रेल्वेचा माणूस बहिणीकडे मोटारीनं जाईन का?" काकूंनी त्यांची धोतरजोडी पिशवीत भरली. राजनांदगाव, डोंगरगड करत आम्ही दुपारी गावात पोचलो. मोटार बाईंच्या अंगणापाशी लावली. पण एवढा वेळ वाकून बसलेले पाय आता सरळ होईनात. मी खालून धरलं, काकूंनी मागून रेटलं. काका कण्हले आणि परत सीटवर बसले. दार उघडं, एक पाय बाहेर, एक आत. म्हणाले, "राहू दे, बाबू."

मोठ्या बाई ओसरीवरून हे बघत होत्या. त्या आत गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. पण त्या तबक घेऊन बाहेर आल्या, निरांजन लावलेलं, वाऱ्यानं विझू नये म्हणून पदर आडवा धरलेला. अंगण उतरून मोटारीपाशी आल्या. काकांना कुंकू लावलं आणि उघड्या दारातूनच त्यांना ओवाळलं. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हणाले, "बाई, माहे गुडघे गेले. लई वर्षं झाली. तुले सांगतलं नाही मी."

"मले मालूम आहे," बाई म्हणाल्या.

"मंग कावून नाही इचारलं?"

बाईंनी त्यांच्या तोंडात साखर घातली. "इचारलं असतं तर तू येणं बंद केलं असतं. मले तू पायजे होता."

त्या दोघांनी मग तिथंच जेवण केलं, ते मोटारीत आणि बाई बाहेर खुर्ची टाकून. निघताना बाईंनी त्यांचा बाहेरचा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला, लहान मुलाचा ठेवावा तसा, आणि दार लावलं.

माघात काका गेले. सकाळी चहा घेता घेता, ओसरीवर. अंत्ययात्रेला यार्डातली म्हातारी माणसं आली होती, बरीचशी काठीवर. त्यांच्याकडे बघून मला प्रथमच वाटलं, यांतल्या कितीजणांनी काकूंसारख्या बायकांच्या नावानं तेल मागितलं असेल.

पुढच्या भाऊबीजेला मी पहिल्या पाळीहून घरी आलो, कपडे बदलले आणि कुठंच जायचं नाही हे आठवून नुसता बसून राहिलो. दिवेलागणीनंतर फोन वाजला. मोठ्या बाई होत्या. इकडचं तिकडचं बोलल्या, काकूंची तब्येत विचारली. मग म्हणाल्या, "यंदा चंद्राले ओवाळलं, बाबू. भाऊ नसलेल्या बाया ओवाळते तसं. दुजेचा चंद्र थांबत नाही पण. तबक घेऊन अंगणात येवस्तोवर झाडामागं गेला होता."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. झाडाकडेच ओवाळलं," बाई म्हणाल्या.