प्यादेमास्तर

१७ नोव्हेंबर १९४६. मी ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा तोडत होते आणि प्यादेमास्तर माझ्या कुसुमला पाचव्यांदा तेच सांगत होते, "वजिरानं कुनीबी मारतंय. मात द्यायची ती प्याद्यानं." नगरची गाडी यायची वेळ झाली होती. शेवटी दोघांना मीच उठवलं आणि बरोबर निघाले.

काष्टीच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर जुनं देशी बुद्धिबळ खेळत. त्यात प्याद्यानं मात देणं सर्वांत मानाचं. चहा निवो, भाकरी वाळो, दारात पाहुणे ताटकळोत, ते पटावरून उठत नसत. त्यांची बायको गाऱ्हाणं घेऊन माझ्याकडे येई. आता ते नाहीत, म्हणून जरा सांभाळून लिहिते.

नगरला विद्यार्थ्यांच्या स्पर्धेचा शेवटचा डाव होता. कुसुम जिंकली तर पुण्याला खेळायला जाणार. बरोबरी झाली तर समोरचा मुलगा. स्पर्धेतल्या नव्या, विलायती नियमानं प्यादं पहिल्या चालीत दोन घरं जाऊ शकतं, मास्तरांच्या खेळात एकच. कुसुमनं राजापुढचं प्यादं एकच घर सरकवलं.

"बैलगाडीनं आलीस का?" मुलगा म्हणाला.

"चालू द्यावं त्याला, पळवू नये," मास्तर मागून बोलले. पंचांनी त्यांना बाहेर काढलं.

तरी कुसुमनं डाव मारत आणला. मुलाकडे राजा आणि एक अडकलेलं प्यादं उरलं. वजिराच्या एका चालीत मात होती. मलासुद्धा दिसत होती. ही बया खिडकीकडे बघते, तर खिडकीत मास्तर. तिनं प्यादं पुढं ढकललं. मुलाच्या राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही. मास्तरांच्या खेळात असं कोंडायला बंदीच असे. नव्या नियमात ती बरोबरी. पुणं गेलं.

गाडीत मी म्हटलं, "मास्तर, उद्यापासून आमच्याकडे पट मांडू नका."

"बरं, वैनी," म्हणाले आणि काष्टीपर्यंत डोळे मिटून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमनं तोच डाव मांडून मला दाखवला. "आई, हे पलीकडचं प्यादं ढकललं असतं तर मात होती. मास्तरांचं बरोबर होतं. मीच घाई केली."

मी तडक मास्तरांच्या दारात गेले. "पोरीचं चुकलं, मान्य. पण वजिरानं मारलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"कायबी न्हाई," मास्तर म्हणाले. "जिंकली असती, एवढंच."

तरीही त्यांना घरी घेऊन आले, चहा टाकला आणि कुसुमला सांगितलं, पट मोडू नकोस.