बाबांची सायकल आणि मुर्रीकडचा लाल दिवा

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते त्या साली, मुर्रीकडून गोंदियात शिरणारा आमचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे सिग्नल लागला. त्याआधी त्या चौकात सायकलवाला हात दाखवायचा, ट्रकवाला शिवी द्यायचा आणि दोघंही पार व्हायचे.

कुठल्याशा बाहेरच्या कंपनीची माणसं आली. त्यांनी आमच्या बाजूच्या रस्त्यात चौकोनी खाच पाडली, तीत तार बसवली आणि वरून डांबर ओतलं. आठ दिवसांनी दिवे लागले. हा सिग्नल हुशार आहे, असं आम्हाला सांगण्यात आलं. मोठ्या रस्त्याला कायम हिरवा राहणार. आमच्या बाजूने एखादी गाडी येऊन त्या चौकोनावर उभी राहिली की खालच्या तारेला ते कळणार, मग आम्हाला हिरवा मिळणार.

आणि त्याला खरंच कळायचं. ट्रॅक्टर कळायचा, जीप कळायची, मोटरसायकलसुद्धा कळायची. फक्त सायकल कळायची नाही. आमच्या रस्त्याने सकाळी यायच्या त्या बहुतेक सायकलीच. राइस मिलचे कामगार, कॅन लटकवलेले दूधवाले, कॅरिअरला भाजीची टोपली बांधलेल्या बाया आणि आम्ही कॉलेजच्या चार मुली.

पहिले दोन दिवस आम्हाला वाटलं, लाल दिवा जरा लांबतो आहे. तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, "बिघडला काय जी हा?"

एक दूधवाला खाच पाडताना त्या माणसांशी गप्पा मारत उभा होता. तो म्हणाला, "बिघडला नाही. आपण दिसतच नाही त्याले. लय लोखंड लागते."

"मंग आपण काय करावं?"

"लोखंड येईपर्यंत उभं राहावं."

आमचं लोखंड म्हणजे आमच्याच गावातले एक प्राथमिक शाळेचे गुरुजी. ते जुन्या स्कूटरवर रोज ठरल्या वेळी शहरातल्या शाळेत जात. दुरून स्कूटरचा आवाज आला की चौकात गलका उठायचा, "आले, आले, गुरुजी आले!" आम्ही बाजूला होऊन चौकोन मोकळा करायचो, गुरुजी येऊन थांबायचे, दिवा हिरवा व्हायचा आणि नवरदेवामागे वरात निघावी तसे आम्ही त्यांच्या मागे निघायचो. गुरुजी बिचारे संकोचून जायचे. एकदा ते न सांगता सुटीवर गेले आणि अर्धी मिल उशिरा पोचली. दुसऱ्या दिवशी एक हमाल त्यांना हात जोडून म्हणाला, "गुरुजी, रजा टाकाची असन तं आदल्या दिवशी सांगत जा जी. आमचीबी रजा होऊन राहिली."

लाल दिवा तोडायला काही जण कचरत नसत. पण कडुनिंबाखाली एक ट्रॅफिक पोलीस बसायचा आणि पकडलेल्या सायकलची हवा सोडून द्यायचा. मग मिलपर्यंत सायकल ढकलत जावं लागे. पोलीस नसला की मात्र सगळे भराभर निघून जात. सगळे म्हणजे माझे बाबा सोडून.

बाबा राइस मिलमध्ये बॉयलरवर होते. शिक्षण चौथी. सव्वीस जानेवारीला विहारात संविधानाची प्रास्ताविका वाचत, तेव्हा वाचणाऱ्याबरोबर त्यांचे ओठ हलत. लाल दिव्यापाशी ते सायकलवरून उतरत आणि दोन्ही हातांनी हँडल धरून शाळेतल्या प्रार्थनेला उभं राहावं तसे उभे राहत. मिलमधले त्यांचे एक सोबती शहरातले, हिंदी बोलणारे. ते एकदा वैतागून म्हणाले, "अरे भाऊ, बत्ती अंधी है, तुम काहे को अंधे बन रहे हो?"

बाबा म्हणाले, "अंधी है तो क्या हुआ, है तो सरकारी."

मलाही चीड यायची. "बाबा, कोणीच नाही, चला ना," मी म्हणायची.

"कायदा आपल्यासाठीच हाये व. आपणच मोडला तं उद्या कोणाले सांगाचं?"

मग एक दिवस उपाय सापडला. एका भाजीवाल्या बाईची सायकल नेमकी त्या चौकोनावर कलंडली. रस्ताभर वांगी झाली. सगळे वांगी वेचत असताना दिवा हिरवा झाला. मागे ना स्कूटर, ना जीप. दूधवाल्याच्या लगेच लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी त्याने आपली सायकल मुद्दाम डांबराच्या रेघेवर आडवी केली. उभ्या चाकाला न ओळखणारी तार आडव्या चाकाला ओळखत होती. पुन्हा हिरवा!

तेव्हापासून आमच्या चौकात रीतच पडली. पहिला येईल त्याने सायकल निजवायची. "निजव बे, निजव लवकर!" असं ओरडणं रोजचं झालं. नवी सायकल घेतलेला मुद्दाम मागे रेंगाळायचा, की जुन्या सायकलवाल्याने निजवावी. गुरुजींची वरात संपली. मला वाटतं, त्याचं गुरुजींना थोडं वाईटही वाटलं असावं.

बाबा मात्र सायकल निजवत नसत. चौकात ते पहिले असले तर दुसरा कुणी येईपर्यंत उभे राहत. मला वाटायचं, रंग खरवडेल म्हणून. दर रविवारी रॉकेलच्या फडक्याने ते ती सायकल पुसत. मी तसं एकदा जेवताना बोलूनही दाखवलं आणि वर म्हटलं, "नसन निजवाची, तं हातात धरून पायी तरी पार व्हा."

"पायी गेला तरी लाल तो लालच," बाबा म्हणाले. मग त्यांनी सांगितलं.

त्यांचं मूळ गाव केशोरीच्या पलीकडचं. आमच्या वस्तीत पहिली सायकल माझ्या आजोबांनी घेतली होती. पण मोठ्या घरांची गल्ली आली की आजोबांना सायकलवरून उतरावं लागे. सायकल हातात धरून, मान खाली घालून ती गल्ली पायी पार करायची. एके दिवशी ते उतरले नाहीत. गल्लीच्या शेवटी चार जणांनी त्यांना थांबवलं आणि सायकल त्यांच्याच हातांनी जमिनीवर आडवी करायला लावली. ते म्हणतील तेव्हाच उचलायची. दुपार कलेपर्यंत आजोबा तिच्याजवळ उभे होते.

"मी पाह्यलं ते. सात-आठ वर्षांचा असन," बाबा म्हणाले. "मी थांबीन. थांबाले लाज नाही." आणि त्यांनी आईकडे मीठ मागितलं.

त्यानंतर मी त्यांना कधी घाई केली नाही. ते घरून अर्धा तास आधी निघू लागले.

एप्रिलमध्ये माझी परीक्षा होती. शेवटच्या पेपरच्या आधी दोन दिवस मला ताप आला. पेपर अकराला होता आणि साडेअकरानंतर केंद्रात कुणाला घेत नसत. सकाळी मी माझी सायकल काढली, पण अंगणातच डोळ्यांपुढे अंधारी आली. बाबांनी मिलमध्ये पाळी बदलून घेतली होती. त्यांनी कॅरिअरवर टॉवेलची घडी ठेवली आणि म्हणाले, "बस." आईने पेज पाजल्याशिवाय सोडलं नाही, आणि तीही पहिल्यांदा उलटून पडली म्हणून दुसऱ्यांदा पाजली. निघायला पावणेअकरा झाले.

चौकात पोचलो तर लाल. आणि रस्ता ओस. उन्हाळ्यामुळे गुरुजींची शाळा सकाळची झाली होती, ते केव्हाच गेलेले. मिलवाले गेलेले, भाजीवाल्या परतलेल्या. समोरच्या मोठ्या रस्त्याने ट्रक धडाडत जात होते. कडुनिंबाखाली पोलीस टोपी तोंडावर घेऊन बसला होता.

आम्ही उभे राहिलो. बाबा मागे वळून वळून रस्ता पाहत होते. एकही मोटरसायकल नाही, एकही सायकल नाही. माझ्या घड्याळात अकरा वाजले.

"बाबा, पेपर सुरू झाला."

त्यांची बोटं ब्रेकवर आवळली जात होती, सैल होत होती. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला ठाऊक होतं, म्हणून मी निजवा असं म्हटलं नाही. मला ते म्हणायचंच नव्हतं. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. त्या पेपरसाठी आईने तीन वर्षं मला धानाच्या रोवणीला बोलावलं नव्हतं. तरीही मला ते म्हणवेना.

"मी पायी जाते, बाबा. तुम्ही मागून या." असं म्हणून मी उतरले. दोन पावलं टाकली आणि खांबाला धरून उभी राहिले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग गळ्यातला दुपट्टा काढला, डांबराच्या रेघेवर पसरला आणि सायकल अगदी हळू, झोपलेलं मूल खाली ठेवावं तशी, त्यावर आडवी ठेवली. हँडल दगडाला लागू नये म्हणून दुपट्ट्याचं टोक खाली सरकवलं. मग ते सरळ उभे राहिले. हात बाजूला, नजर दिव्यावर.

पोलिसाने टोपी काढली. "क्या चाचा, गिर गए क्या?"

"नाही साहेब. पोरीचा पेपर हाये."

पोलीस माझ्याकडे पाहून ताडकन उठला. "अरे तो जाओ ना! मैं बोल रहा हूँ, जाओ!" आणि तो शिट्टी वाजवत मोठ्या रस्त्याच्या मध्ये जाऊन ट्रक अडवू लागला.

"बाबा, चला!"

"होऊ दे हिरवा," बाबा म्हणाले. "आता निजवलीच हाये, तं होऊ दे."

आणि तो झाला. बाबांनी सायकल उचलली, दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला, मला बसवलं आणि जे पायडल मारले ते मी त्यांच्याकडून पुन्हा कधी पाहिले नाहीत. केंद्राच्या दारात अकरा वाजून बावीस मिनिटं झाली होती. पर्यवेक्षक बाईंनी माझ्या कपाळाला हात लावला आणि उत्तरपत्रिका दिली.

दोन वाजता बाहेर आले तेव्हा बाबा झाडाखाली उभेच होते.

"कसा गेला?"

"बरा."

"बरा म्हणजे?"

"एक प्रश्न राहून गेला." मग मी म्हटलं, "बाबा, माह्यामुळे तुम्हाले ते करावं लागलं."

"काय करावं लागलं? सायकल निजली व. मी तं उभाच होतो." थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "पण रोज काऊन निजवावी लोकायनं? घरी गेल्यावर कागद काढ. अर्ज लिव."

ताप उतरला नव्हता तरी मी त्या संध्याकाळी अर्ज लिहिला. विषय: सायकलस्वारांना सिग्नल न मिळण्याबाबत. बाबा खाटेवर बसून सांगत होते आणि मी त्यांचं बोलणं पुस्तकी मराठीत उतरवत होते. त्यांनी 'आमची विनंती आहे' हे खोडायला लावून 'आमचं म्हणणं आहे' असं लिहायला लावलं. दोन दिवसांत दूधवाले, हमाल, भाजीवाल्या, सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे झाले. गुरुजींनी स्कूटर असूनही सही केली. शेवटी बाबा म्हणाले, "आता खाली तुहं नाव लिव. पुढे बी.ए. लिव."

"बाबा, निकाल लागाचा हाये अजून."

"पेपर दिला ना?"

"दिला. पण..."

"मंग लिव. नुसत्या अंगठ्यायचा कागद कोण वाचते?"

लाल दिव्यापुढे पाय न टाकणारा माणूस मला सरकारी कागदावर खोटं लिहायला सांगत होता, आणि त्यात काही वावगं आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांच्या लेखी ती पदवी त्या चौकातच मिळाली होती. मी लिहिलं.

कार्यालयातल्या बाबूने अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. मग चष्म्यावरून पाहत विचारलं, "यात बी.ए. कोण आहे?"

बाबांनी मला खांद्याला धरून पुढे केलं. "हे. माही पोरगी."

मी "हो" म्हटलं. बाबूने शिक्का मारला. बाबांनी शिक्क्याची प्रत घडी करून खिशात ठेवली आणि बाहेर येऊन मला उसाचा रस पाजला.

अर्जाचं उत्तर कधी आलं नाही. पावसाळ्यात नळाच्या पाइपसाठी तो रस्ता खणला, तार तुटली आणि पुढे तो दिवा ठरावीक वेळाने बदलणारा साधा दिवा झाला. बाबा अजूनही सगळ्यांना सांगतात की तो आमच्या अर्जामुळे झाला. असेलही.

पण निकाल लागेपर्यंतचे ते दीड-दोन महिने मी मोठ्या धास्तीत काढले. नापास होण्याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही की त्या कागदावर माझ्यामुळे बाबा खोटे पडतील. कॉलेजच्या फलकावर माझा क्रमांक दिसला तेव्हा मैत्रिणी पेढे पेढे करत होत्या आणि मी मनात एवढंच म्हणत होते, सुटलो बाबा, अर्ज खरा झाला.