आईला ताप नव्हता

नर्स लीलाबाई नसत्या, तर हे लिहायला माझा हात धजला नसता. त्या दुर्गच्या, इथे भिलाईच्या दवाखान्यात बाळंतपणं करतात. आधी त्यांचं नाव लिहितो, मग माझ्या बहिणीचं, शेवंताचं.

शेवंता जाऊन सहा आठवडे झाले. मी भंडाऱ्याकडचा, कारखान्याच्या उभारणीत खलाशी, म्हणजे जड लोखंड दोरानं वर चढवणारा. माझ्याच टोळीतल्या जनार्दनाला तिला दिली. सातव्या महिन्यात तिचे पाय इतके सुजले की चप्पल चढेना, म्हणून नवऱ्याचे कामाचे बूट घालून ती नळावर जायची. बाया हसायच्या, "काय वो मुकादमीण, आज किती मानसं लावली कामावर?" शेवंता म्हणे, "तुमी साऱ्या गैरहाजर, पगार कापतो!" मीही हसलो. आमच्या घरच्या बायांचे पाय सुजतातच, असं तिच्या सासूला मीच सांगितलं होतं. आईचेही सुजले होते...

धाकटी बहीण यमुना जन्मली त्या बाळंतपणात आई झटके येऊन गेली. त्याच वर्षी, चौथीत, माझी शाळा सुटली. गावानं ते बाहेरचं, भुताखेताचं ठरवलं. झटक्याच्या घरातली पोरगी सून म्हणून कोण घेणार? म्हणून आई तापानं गेली, असं आम्ही सोयऱ्यांना सांगत आलो. दोघी बहिणींची लग्नं त्या तापावर झाली.

शेवंताचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, तेव्हा दवाखान्यात नेलं. लीलाबाईंनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला आणि विचारलं, "हिची आई कशानं गेली?" शेजारी सासू उभी. शेवंता माझ्याकडे बघत राहिली.

"ताप," मी म्हणालो.

तरी बाईंनी भरती व्हायला सांगितलं. सासू म्हणाली, "आठव्यातच कावून? यायच्या घरात साऱ्याईचेच पाय सुजतेत." माझंच वाक्य होतं ते. आम्ही तिला घरी आणलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला झटके आले. ती गेली, बाळही गेलं.

मग मी लीलाबाईंना खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "हे बाहेरचं नाही, भाऊ. रक्तदाबाचा आजार आहे. आईला, बहिणीला झाला तर दुसऱ्या लेकीलाही धोका जास्त. आणखी बहीण आहे का?"

यमुनेला सहावा लागला होता.

यमुनेच्या सासरी पत्र लिहायला बसलो आणि कोरा कागद लीलाबाईंपुढे सरकवला. बाई म्हणाल्या, "तुम्ही सांगा, मी लिहिते." आई तापानं गेली नाही, एवढी एक ओळ सांगायला मला अख्खी दुपार लागली. आठवड्यानं यमुनेचे सासरे तिला घेऊन स्टेशनवर उतरले. "तुमी फसवलं आमाले," एवढंच बोलले आणि तिला माझ्यापाशी सोडून परत गाडीत बसले.

काल तिचा रक्तदाब वाढलेला निघाला. लीलाबाईंनी तिला ठेवून घेतलं आहे. "दादा, मीबी जाईन का रे?" यमुनेनं विचारलं. मी बाईंकडे पाहिलं. बाईच म्हणाल्या, "या वेळी आपल्याला आधीच माहीत आहे न."

अजून सकाळी नळावर बाया हसल्या की मी मोजतो, एक आवाज कमी भरतो...

लीलाबाई, तुमचे उपकार फेडायला माझ्यापाशी तोंडाशिवाय काही नाही. ते खोटं बोललं आणि एक बहीण गेली. आता सोयरिकीच्या प्रत्येक बैठकीत उभा राहून सांगेन, आमची आई कशानं गेली, शेवंता कशानं गेली. एखाद्या लेकीला तेवढ्यानं वेळेवर कोणी दवाखान्यात नेलं, की त्या दिवशी तुमचं थोडं फेडलं असं मानीन.