खांद्यावर न पडलेला हात

तुमच्या गल्लीत हातातलं काम कशासाठी थांबतं?

आमच्या तांबटांच्या आळीत ते एकाच गोष्टीसाठी थांबे: मढ्यासाठी. कुणी गेलं की घराघरातले हातोडे खाली ठेवले जात. तिरडी नदीकडे, आमच्या गंगेकडे, वळली की पुन्हा ठोके सुरू. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. बहिरेपणही पिढ्यान्‌पिढ्यांचं. चाळिशी आली की ठोक्यांनी तांबटाचे कान गेलेच. कुणाशी बोलायचं तर आधी त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, मग तोंड उघडायचं.

कायदेभंगाचे दिवस होते. मी पत्रकं वाटत हिंडे. माझी काकू चिंचेनं हंडे घासताना ओरडे, "अरे, तुझं स्वराज्य आलं की खांद्याला हात लावून सांग हो! नाहीतर आम्ही आपले ठोकतच बसू."

त्या उन्हाळ्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. आळीतल्या विहिरीचं पाणी पिऊ नका, असा कागद चौकात लागला. मी तो वाचला; आळीत इतरांना कुठं वाचता येत होतं? दवंडीवाला डफ घेऊन आळीत शिरतानाही पाहिला, आणि कुणालाच काही न सांगता सभेसाठी सिन्नरला निघून गेलो.

तिसऱ्या दिवशी परतलो. आळीच्या तोंडाशी आलो, तर ठोके ऐकू येईनात.

काकू गेली होती. त्याच विहिरीच्या पाण्यानं.

काकांनी दवंडीवाल्याला बोलावून घेतलं होतं. तो ओट्यापासून चार हात लांब उभा होता. आळीच्या लेखी तो अस्पृश्य.

"दोनदा फिरलो, मालक. लय वरडलो."

काका त्याच्या ओठांकडे बघत होते. "ओरडून काय होतं इथं? खांद्याला हात का नाही लावलास?"

"आमी हात लावला असता, तर तुमीच हाणलं असतं ना, मालक?"

काकांना कळलं. ते तिरडी बांधायला वळले. मीही वळलो; समतेची पत्रकं माझ्या पिशवीत होती.

तिरडी उचलली, तेव्हा त्याची सावली तिच्यावर पडू नये म्हणून तो आपणहून भिंतीला चिकटला. कुणी त्याला "राहू दे" म्हटलं नाही. तिरडी वळली. मागे ठोके सुरू झाले.

पटकीला दोष देऊन मोकळे होऊ नका. उद्या तुमच्या दारात दवंडीवाला आला, तर हातातलं काम थांबवा. ओट्यावरून खाली उतरा. त्याला जवळ बोलवा आणि सांगा, खांद्यावर हात ठेव.