राक्षसाच्या पाठीवरची चकाकी

जपानी चित्रपटांतल्या राक्षसांचे पोशाख मुलुंडच्या एका संग्रहालयात मांडले आहेत, हे वाचल्यावर माझ्या मनात पहिली शंका आली ती त्यांच्या खरेपणाची. रबर जुनं होताना कसं बिघडतं, हा माझ्या पदव्युत्तर अभ्यासाचा विषय. आणि त्याच संग्रहालयात वस्तूंच्या जतनाच्या कामासाठी दुसऱ्या दिवशी माझी मुलाखत होती. ही नोकरी मला हवी होती, पण नकला खऱ्या म्हणून मांडणाऱ्यांकडे नको होती. म्हणून आदल्या दुपारी मी आईला घेऊन तिथे गेले.

दालनाच्या मधोमध एका समुद्री राक्षसाचा पोशाख उभा होता. आत माणूस शिरेल एवढा, पाठीवर काट्यांची रांग, मागे जाड शेपूट. फलकानुसार तो कित्येक दशकांपूर्वीचा आणि नैसर्गिक रबराचा होता. मला ते पटेना. एवढं जुनं रबर निस्तेज होतं, तडकतं, त्याचा भुगा पडतो. ही पाठ मात्र फणसातून नुकत्याच काढलेल्या आठळीसारखी चकाकत होती.

"नकली आहे," मी म्हणाले.

"तुला लग्नातली बासुंदीपण नकलीच वाटते," आई म्हणाली. मग दोरीवरून वाकून तिने वास घेतला. "पण गो, ह्याला खोबरेल लावलंय कोणीतरी."

वास खरंच खोबरेलाचा होता. मी खाली बसून मोबाइलच्या उजेडात शेपटीची खालची बाजू पाहिली. तिथे कोणाचा हात पोचलेला नव्हता. रबर करडं होतं, त्यावर तड्यांचं बारीक जाळं होतं. म्हणजे पोशाख अस्सल होता. वरच्या बाजूचे तडे दिसत नव्हते, कारण तेल पिऊन रबर फुगलं होतं. एका काट्याला पुसायच्या फडक्याचे धागे चिकटले होते.

देखरेखीच्या काकांना विचारलं, तर ते खुशीत म्हणाले, "आमच्या गावच्या देवळातले लाकडी खांब तेलावरच टिकलेत, पोरी. मी मॅडमना बोललो, त्या म्हणाल्या, लावा. कसा झकास दिसतोय बघ ना!"

मॅडम म्हणजे प्रदर्शनाच्या प्रमुख. माझ्या मुलाखतीच्या पत्रावर सही त्यांचीच होती.

आईने माझी बाही ओढली. "आधी नोकरी लागू दे. मग शहाणपणा कर."

सल्ला व्यवहारी होता. परंतु तेल माझ्या मुलाखतीसाठी थांबणार नव्हतं, आणि काका संध्याकाळी पुन्हा एक हात फिरवणार होते. मी थेट मॅडमच्या खोलीत गेले.

"लाकडाला तेल चालतं, रबराला नाही," मी म्हणाले. "ते मऊ होऊन फाटेल."

"आपण कोण?"

"उद्याची उमेदवार."

त्यांनी माझ्याकडे जशी नजर टाकली, तशी मी मघाशी त्या पोशाखावर टाकली होती. त्या उठून दालनात आल्या, शेपटीखाली वाकल्या, मग चिकटलेले धागे पाहिले.

"काका, तेलाची बाटली माझ्या टेबलावर आणून ठेवा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे तेल काढायचं कसं, ते उद्या सांगा."

"आत मुरलेलं सगळं निघणार नाही, मॅडम."

आईने डोळे मिटले.

"मग किती वाचेल, तेवढं सांगा," मॅडम म्हणाल्या आणि उजेडानेही रबर बिघडतं म्हणून स्वतःच दालनाचे दिवे मंद करायला गेल्या.